लोगोच्या आधी

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना खरा क्लायंट मिळाला की मागणी ठरलेली: ‘छानसा लोगो करून द्या.’ समजा, क्लायंट मसाले विकणारा बचत गट आहे. लगेच संगणक उघडू नये. आधी स्टॉलवर तासभर उभं राहावं. गिऱ्हाईक पाकीट उलटसुलट करून विचारतं, ‘तिखट किती?’ लेबलवर ते कुठेच नाही! म्हणजे अडचण लोगोची नाहीच. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने मांडलेल्या ‘डबल डायमंड’ पद्धतीत म्हणूनच पहिला अर्धा भाग प्रश्न शोधून नेमका करण्याचा आहे. मग कच्ची रेखाटनं, भरपूर. त्यातली दोन-तीन छापून, पाकिटावर चिकटवून गटातल्या ताईंना दाखवावीत; पडद्यावर काय, सगळंच देखणं दिसतं. बदल किती वेळा करून देणार, हे मात्र सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या.