ई२० पेट्रोल आणि खिशाचा हिशेब

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल (ऊस, मका, तांदूळ यांपासून बनणारे अल्कोहोल) आणि ८० टक्के पेट्रोल यांचे मिश्रण. इथेनॉल देशात बनते, म्हणून वाहनचालकाचे पैसे वाचतात, असा समज आहे. तो स्वाभाविक आहे, पण हिशेब वेगळा आहे.

पाटीभर कोळसा आणि पाटीभर लाकूड यांची धग सारखी नसते. तसेच एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे ई२०च्या लिटरमागे ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्के कमी भरते. मायलेज तेवढेच घटेल असे नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (अकाली पेट न घेण्याची क्षमता) जास्त असल्याने ई२०साठी बनवलेले इंजिन काही तूट भरून काढते. जुन्या गाड्यांत घट अधिक जाणवते.

समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि दुचाकीचे मायलेज ५० वरून ४८ किलोमीटरवर आले. किलोमीटरचा खर्च २.१० रुपयांवरून सुमारे २.१९ रुपये होतो. तो पूर्वीइतका राहायला लिटरमागे ४ रुपये २० पैसे सूट हवी. पंपावर ई२०ला अशी सूट मिळत नाही.

कच्च्या तेलाची आयात घटते, ऊस उत्पादकाला बाजार मिळतो. हे देशाचे फायदे खरे आहेत. चालकाची बचत मात्र लिटरच्या दराला मायलेजने भागूनच कळते. ग्राहकाला हा हिशेब स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.