बारा हजारांत सनई: पहिलं साउंड मॉड्यूल घेताना

ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथे ‘म्हणजे कसं’ ‘म्हणजे कसं’ करत बसलो ते काढलंय आणि आकडे नीट लिहिलेत. बाकी तसंच ठेवलंय.

मानोऱ्याकडून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याच्याच शब्दांत सांगतो: “भाऊ, कीबोर्ड हाये माह्याकडं. पण सनई लावली का पिपानीवानी वाजते. बारा हजार जमा हायेत. नवा कीबोर्ड घेऊ का तो डब्बा घेऊ?” हा भाऊ लग्नसराईत आणि भजनात वाजवतो. बारा हजार म्हणजे त्याचा एक अख्खा सीझन. आपल्या वाशिममध्ये सोयाबीनचा भाव पडला की लग्नातलं पहिलं काय कापतात, ते तुम्हाला माहीत आहे. वाजवणारे. त्यामुळे ‘घेऊन तर बघ, नाही जमलं तर विकून टाक’ असला सल्ला मी देणार नाही.

आधी डब्बा म्हणजे काय ते बघू. साउंड मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला कीबोर्ड. आपला कीबोर्ड एकाच वेळी दोन कामं करतो: बोट कुठे पडलं ते ओळखतो, आणि मग आवाज काढतो. पहिलं काम आपल्याच कीबोर्डकडे ठेवायचं आणि दुसरं दुसऱ्या डब्याकडे द्यायचं, एवढीच ही कल्पना. दोघांमधली भाषा म्हणजे मिडी. १९८३ साली ती ठरली आणि अजून तीच चालते. वायरमधून आवाज जातच नाही, फक्त निरोप जातो: ‘६० नंबरची पट्टी, ९० च्या जोराने दाबली.’ तीन बाइटचा निरोप, सेकंदाला ३१,२५० बिटच्या वेगाने, म्हणजे साधारण एक मिलिसेकंदात पोचला. माझ्या धंद्यातल्या मित्रांसाठी एका ओळीत: कीबोर्ड फ्रंटएंड, मॉड्यूल बॅकएंड.

आता इथे बहुतेक लोक सरळ मॉड्यूलच्या याद्या बघायला लागतात. कोणाचे ६०० आवाज, कोणाचे हजार. थांबा. आधी उठा आणि स्वतःच्या कीबोर्डची मागची बाजू बघा.

तिथे दोनपैकी एक गोष्ट असेल. गोल, पाच पिनांचं सॉकेट असेल आणि त्यावर ‘मिडी आऊट’ लिहिलेलं असेल, तर तुम्ही नशीबवान. ती वायर कुठल्याही जुन्या मॉड्यूलच्या ‘मिडी इन’मध्ये घाला, काम झालं. पण गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याचशा स्वस्त कीबोर्डना हे गोल सॉकेट नाहीच. त्यांना चौकोनी यूएसबी आहे, प्रिंटरला असतं तसं, आणि वर ‘टू होस्ट’ लिहिलेलं. हा ‘होस्ट’ शब्द नीट वाचा. यूएसबीमध्ये एक यजमान लागतो आणि बाकीचे पाहुणे. तुमचा कीबोर्ड पाहुणा आहे. यूएसबी असलेली मॉड्यूल्सही बहुतेक पाहुणेच असतात. पाहुण्याला पाहुणा जोडला की दोघं एकमेकांकडे बघत बसतात, जेवायला कोणीच वाढत नाही. आणि जुन्या मॉड्यूलला तर यूएसबीच नसतं. म्हणजे चार जिल्हे ओलांडून सेकंडहँड मॉड्यूल आणलं, आणि ते कीबोर्डला जोडताच येत नाही. मध्ये बसवायला यूएसबी-मिडी होस्ट नावाची छोटी डबी मिळते, पण बारा हजारांत तिचाही खर्च धरावा लागतो.

कीबोर्डमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. एक, पट्टी हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का? पडत नसेल तर प्रत्येक निरोपात जोराचा तोच आकडा जातो, आणि लाखाचं मॉड्यूल लावलं तरी ते सपाटच वाजणार. दोन, डाव्या हाताला पिच बेंडचं चाक आहे का? पेटीला ते लागत नाही. सनईचा मात्र जीवच मींडेत आहे. चाक नसेल तर पिपाणीचा प्रश्न डब्यात नाही, तुमच्या कीबोर्डातच आहे.

चाक असलं तरी एक सेटिंग बदलावं लागतं. ते चाक सुरुवातीला वर-खाली दोनच स्वरांतरं सरकतं. सा वरून मध्यमापर्यंत मींड घ्यायची तर पाच लागतात. ‘बेंड रेंज’ वाढवता येत नसेल असं मॉड्यूल आपल्या कामाचं नाही, कितीही स्वस्त असो.

मींडेवरून आठवलं म्हणून सांगतो. मुंबईचे चरणजित सिंग हे सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यातलं ३०३ हे खरं तर बास गिटारच्या जागी वापरायला बनवलेलं, पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. मिडी ठरण्याच्याही आधीची ही गोष्ट. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. जगाने तिला बऱ्याच वर्षांनी शोधून काढलं. शोधा आणि ऐका, भारी आहे.

तर आता आवाज. जुन्या मॉड्यूलच्या जाहिरातीत ‘जनरल मिडी’ असं लिहिलेलं असतं. १९९१ मध्ये १२८ आवाजांची एक यादी ठरली, की कुठल्याही कंपनीच्या डब्यात १ नंबरला पियानोच निघावा. त्या यादीत १०५ नंबरला सतार आहे, ११२ नंबरला सनई आहे. पेटी नाही. २१ नंबरला रीड ऑर्गन आहे, तिच्यावर लोक पेटीचं काम भागवतात, आणि ते ऐकूच येतं. तबला-ढोलकी तर यादीतच नाही. आणि यादी फक्त नाव ठरवते, दर्जा नाही. ११२ नंबरला काहीतरी असलं पाहिजे म्हणून कंपनीने काहीतरी ठेवलेलं असतं. आपल्याला ऐकू येते ती पिपाणी बहुतेक वेळा हीच.

म्हणून माझा नियम सोपा आहे: हजार आवाज मोजू नका. तुम्ही वर्षभर खरोखर वाजवता ते तीन आवाज कागदावर लिहा. मानोऱ्याच्या भाऊचे तीन म्हणजे सनई, पेटी आणि मागे धरून ठेवायला स्ट्रिंग्ज. तेवढेच ऐका. बाकी हेलिकॉप्टर आणि टाळ्यांचा आवाज (यादीत आहेत, १२६ आणि १२७ नंबरला) दुकानदाराला वाजवू द्या.

आता पर्याय. जुन्यांमध्ये मी रोलँडच्या जेव्ही घराण्याकडे बघेन. जेव्ही-१०८० आलं १९९४ मध्ये, जेव्ही-१०१० आलं १९९९ मध्ये, म्हणजे आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. वय झालंय, पण स्ट्रिंग्ज आजही गोड आहेत. यांच्यात वरून कार्ड बसवता येतं, १०८० मध्ये चार, १०१० मध्ये एक. ‘वर्ल्ड’ आणि ‘एशिया’ नावाची कार्डं आपल्या कामाची. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आत कार्ड आहे का, आणि कुठलं? रिकामं मॉड्यूल आणि कार्डवालं मॉड्यूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

‘६४ व्हॉइस’ हा आकडाही नीट समजून घ्या. एकाच वेळी ६४ पट्ट्या वाजतील असा त्याचा अर्थ नाही. जेव्हीमध्ये एक आवाज चार थरांपर्यंत रचलेला असू शकतो. चार थरांचा आवाज लावला तर ६४ भागिले ४, सोळाच स्वर. पेडल दाबून दोन्ही हातांनी वाजवलं की सोळा स्वर पटकन संपतात आणि जुने स्वर मधूनच तुटायला लागतात. एकट्या सनईला मात्र काही अडचण नाही.

दोन गोष्टी मात्र पाठीमागची पाटी वाचल्याशिवाय करू नका. जपानहून आलेलं सेकंडहँड यंत्र १०० व्होल्टचं असू शकतं. आपल्याकडे २३०. सरळ लावलं तर पहिला आणि शेवटचा आवाज धुराचा. दुसरं, आतली मेमरीची बॅटरी संपलेली असेल तर तुम्ही साठवलेले आवाज बंद केल्यावर जातात. विकत घेण्याआधी एक आवाज साठवा, यंत्र बंद करा, परत चालू करून बघा.

यूएसबीवाल्यांसाठी मी वेगळा रस्ता सांगेन, आणि हा पहिल्या दिवशी जवळजवळ फुकट आहे. तुमच्या खिशातला फोन हाच यजमान. अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय फोनमध्येच आहे. काही शे रुपयांत ओटीजी आणि वायर, साउंडफाँट वाजवणारं एखादं ॲप, बास. साउंडफाँट म्हणजे एका फाइलमध्ये भरलेले खऱ्या वाद्यांचे तुकडे. अडचण एकच, उशीर. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत दहा मिलिसेकंद गेले तर हाताला कळत नाही. स्पीकर साडेतीन मीटरवर असला तरी हवेतून यायला तेवढाच वेळ लागतो. काही फोन तिथपर्यंत येतात, काही पन्नासच्या पुढे जातात आणि वाजवताना चिखलात चालल्यासारखं होतं. आणि ब्लूटूथ स्पीकरचं तर नावच नको, वायरच लावा.

फोन मागे पडला तर रास्पबेरी पाय. छोटा संगणक, त्यावर फ्लुइडसिंथ हे मोफत सॉफ्टवेअर, एक बऱ्यापैकी यूएसबी साउंड कार्ड. हेडफोनच्या भोकावर विसंबू नका. काही मॉडेलला ते नाहीच. १२८ सॅम्पलचे दोन बफर, ४८,००० च्या दराने, म्हणजे ५.३ मिलिसेकंद. झकास. ५ व्होल्टवर चालत असल्याने दमदार पॉवर बँकेवर निघतं, लाइट गेली तरी सनई चालू. फक्त मेमरी कार्ड ‘रीड ओन्ली’ करून ठेवा, सेटिंगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ असा पर्याय आहे. नाहीतर मांडववाल्याने वायर ओढली की कार्ड बिघडायची भीती.

या रस्त्याचं खरं सुख वेगळंच आहे: आवाज तुम्ही स्वतः भरू शकता. मी पाहिलेल्या एकाही मॉड्यूलमध्ये बंजारा नंगारा नाही, आणि पोहरादेवीच्या मुलखात तोच नाही म्हणजे काय? पॉलीफोन नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. गावातल्या वादकाला विचारून, नंगाऱ्याचे दहा-बारा ठोके, हळूपासून जोरातपर्यंत, शांत खोलीत रेकॉर्ड करा आणि त्याचा साउंडफाँट करा. गावच्या मंदिरातल्या पेटीचंही तसंच. एक रविवार जातो.

म्हणून मानोऱ्याच्या भाऊला माझं उत्तर: तुझ्या फोटोत ‘टू होस्ट’ दिसतंय आणि चाकही दिसतंय. जुनं मॉड्यूल घेऊ नको. आधी ओटीजीवर फोन लावून दोन भजनं वाजव. उशीर जाणवला तर पाय आणि साउंड कार्ड घे. त्यातून उरलेले पैसे चांगल्या वायरींना आणि एका डीआय बॉक्सला ठेव, जनरेटरवर घूं-घूं होते ती त्याने बरीच कमी होईल. गोल सॉकेट असतं तर मी कार्डवालं जेव्ही-१०१० म्हटलं असतं. आणि ज्यांच्याकडे अजून कीबोर्डच नाही, त्यांनी मॉड्यूलच्या भानगडीतच पडू नये. भारतीय आवाज असलेला, चाकवाला, जोर ओळखणारा कीबोर्ड घ्या.

ऑडिओमध्ये तीन सनया एकामागोमाग ठेवल्यात: जनरल मिडीची ११२ नंबरची, जेव्हीची, आणि साउंडफाँटची. इअरफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तिन्ही सारख्याच वाटतील.