गंजाची नक्षी

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे लोखंड फार दिवस कोरे राहत नाही. कोयता घासून ठेवला, तरी थोड्या दिवसांत त्यावर तांबूस पूड दिसू लागते. हाच गंज. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज चढतो.

आपण गंजाला शत्रू मानतो. पण त्याचा रंग कागदावर मोठा देखणा उठतो. त्यातून जुन्या वळणाचे शुभेच्छा-कार्ड घरच्या घरी करता येते. संक्रांतीला, दिवाळीला आप्तांना पाठवता येते. कसं करायचं? पाहू या.

कागद कोणता घ्यावा?

हातकागद सगळ्यात चांगला. चिंध्यांचा लगदा करून तो हाताने बनवतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा धंदा शेकडो वर्षांचा आहे. पुण्यातही 1940 साली हातकागदाची संस्था निघाली. हा कागद जाड असतो. पाणी पितो, पण लगेच फाटत नाही. तो मिळाला नाही तर चित्रकलेचा जाड कागद घ्या. गुळगुळीत, चकचकीत कागद नको. त्यावर रंग धरत नाही.

कृती

1. दोन चमचे चहा पावडर कपभर पाण्यात उकळून गाळा. निवल्यावर कागदावर फडक्याने लावा. कागद पिवळसर होईल. तो अर्धवट वाळू द्या.

2. गंजलेले खिळे, वायसर, साखळीचे तुकडे कागदावर नक्षीने मांडा. त्यांवर थोडा शिरका किंवा लिंबाचा रस शिंपडा.

3. वरून दुसरा कागद ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर पाट आणि दगड ठेवा. रात्रभर हलवू नका.

4. सकाळी लोखंड उचला. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून कागद काढा, मग साध्या पाण्यातून. म्हणजे आंबटपणा निघेल. सावलीत वाळवा. दुमडा आणि आत चार ओळी लिहा.

गंजका खिळा हातात घुसू देऊ नका. घुसलाच तर जखम साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या सुईचे विचारा. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

रंग येतो कुठून?

चहा न लावलेल्या कागदावर तांबूस डाग पडतात. चहा लावलेल्यावर काळपट पडतात. असं का? लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा होतो, हे घरोघरी माहीत आहे. आवळ्यात, हिरड्यात, चहात तुरट द्रव्य असते. त्याला लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी याच गुणावर करीत.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट. रात्रीत आपण कोरा कागद जुना दिसेल असा केला. मग दुसरा कोणी करणार नाही काय? नाशिकरोडच्या छापखान्याने वर्षानुवर्षे स्टँप पेपर छापले. त्यांवर आपल्या जमिनींची खरेदीखते झाली. उद्या कोणी पिवळा, डागाळलेला कागद पुढे केला आणि म्हणाला, "हे बघा, तुमच्या आज्यानं लिहून दिलेलं," तर नुसत्या रंगावर भुलू नका. कागद पिवळा म्हणजे जुना, असे नसते. सही-अंगठा करण्याआधी तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंद तपासा.

दुसरी गोष्ट. कार्डावर शोभणारा गंज दस्तऐवजाला खातो. कागदांना लावलेली टाचणी ओलीने गंजते. तिच्याभोवती आधी डाग पडतो, मग कागद ठिसूळ होतो आणि शेवटी भोक पडते. त्या भोकात गट नंबर गेला तर? म्हणून घरातल्या खरेदीखताच्या, सातबाऱ्याच्या जुडग्यातल्या टाचण्या आजच हलक्या हाताने काढा. कागद सुती दोऱ्याने सैल बांधा. कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा.

कार्ड दोन-चार वर्षांनी विरले तरी दुसरे करता येईल. जमिनीचा कागद मात्र जपलाच पाहिजे.