मलेशियातील सहभोजन

मलेशियाची पाककला जाणून घ्यायची असेल, तर तेथील उपाहारगृहात चार-सहा जणांनी मिळून जेवायला बसावे, कारण तेथे भाताचे ताट ज्याचे त्याचे असले, तरी भातासोबतचे पदार्थ, ज्यांना मलय भाषेत 'लाऊक' म्हणतात, ते टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मांडले जातात. नारळाच्या दुधात शिजवलेला 'नासी लमाक' हा भात, 'रोटी चानाई' आणि 'तेह तारिक' हा फेसाळ चहा यांच्याभोवती रुजलेली न्याहारीची संस्कृती युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. एकट्यादुकट्याला ती न्याहारी पुरते, परंतु भरपेट जेवणाची खरी घडण पंगतीतच कळते.

पदार्थ मागवताना जाणकार यजमान चवींचा मेळ साधतो. नारळाच्या दुधात मसाल्यांसह कित्येक तास आटवलेले आणि 'करिसिक' म्हणजे भाजून वाटलेले खोबरे घालून दाट केलेले 'रेंडांग' हे मांस जड असते, म्हणून त्याच्या जोडीला 'आसाम पडास' हा माशाचा आंबट-तिखट रस्सा हवा, ज्याचा आंबटपणा चिंचेतून किंवा कोकमाच्याच कुळातील एका फळाच्या वाळवलेल्या चकत्यांतून येतो. शिवाय 'कांगकुंग' ही पाणथळ जागी वाढणारी, पोकळ देठांची पालेभाजी मोठ्या आचेवर परतून येते आणि तिला 'बलाचान'चा खमंगपणा असतो.

या बलाचानपाशी थोडे थांबले पाहिजे. कोकणात ज्याला जवळा म्हणतात, त्याच वर्गातील बारीक कोळंबी मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून आंबवली की त्याची गडद वडी तयार होते. ती निखाऱ्यावर भाजताना उग्र वास सुटतो, पण दगडी खलात ताज्या लाल मिरच्यांबरोबर वाटून वर लिंबू पिळले की जो 'सांबाल' होतो, त्याची बोटभर चव साध्या भातालाही पुरते. भाजीतही बलाचान असल्याने शाकाहारी माणसाने ते आधीच वगळायला सांगणे आवश्यक ठरते.

मलय, चिनी आणि तमिळ मित्र एकत्र जेवतात तेव्हा निवडीत आणखी एक विचार असतो: मुसलमानांसाठी हलाल स्वयंपाक लागतो, तर बहुतेक हिंदू आणि अनेक बौद्ध गोमांस खात नाहीत, त्यामुळे अशी मंडळी सहसा हलाल उपाहारगृह निवडून रेंडांगही कोंबडीचे मागवतात. हा समंजसपणा त्या देशाच्या पाककौशल्याइतकाच मोलाचा आहे.

सहभोजनाचे सर्वांत उत्कट रूप मात्र जोहोर आणि सेलांगोर या राज्यांत, जावा बेटावरून आलेल्या लोकांच्या 'नासी अंबंग'मध्ये दिसते. केळीचे पान अंथरलेल्या मोठ्या परातीत मधोमध भात आणि भोवती कोंबडी, परतलेल्या शेवया, मसालेदार कोरडे खोबरे आणि 'तेंपे' ही आंबवलेल्या सोयाबीनची वडी रचलेली असते; चार-पाच जण तिच्याभोवती बसून उजव्या हाताने आपापल्या बाजूने खातात. हा मुळात 'कंदुरी' या घरगुती धार्मिक समारंभाचा बेत असून उरलेल्या अन्नाचे वाटे पाहुण्यांनी घरी नेण्याची त्यात रीत आहे. आता उपाहारगृहांतही ही परात मिळते आणि ती किती जणांसाठी हवी, हे सांगूनच मागवावी लागते.