छावणीतले व्यसन आणि मनाची जखम

थायलंड-म्यानमार सीमेवरची मे ला ही निर्वासितांची छावणी १९८४ पासून आहे. तिथे बहुसंख्य लोक म्यानमारमधल्या कारेन या वांशिक समाजाचे आहेत. युद्धाच्या आठवणी, बेकारी आणि बाहेर पडण्यावरचे निर्बंध यांमुळे काही जण दारूकडे वळतात. दारूने झोप लागते, पण टिकत नाही. भीती आणि उदासी मात्र वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत पाचांपैकी सुमारे एकाला मानसिक विकार असतो. म्हणूनच व्यसन आणि मन या दोहोंवर एकत्र उपचार हवेत. सीमेवरच्या छावण्यांत ‘डेअर नेटवर्क’ या व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्या संस्थेने निर्वासितांमधूनच कार्यकर्ते घडवले, समुपदेशनाला औषधी वनस्पती, अ‍ॅक्युपंक्चर आणि मालिशची जोड दिली. आपल्या भाषेत बोलणारा, तेच दुःख सोसलेला माणूस समोर असला, की मन मोकळे करणे सोपे जाते.