पहिल्या फेरीला जाळे घरी ठेवा

राजापेठेतल्या नळाला येणारे पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे, म्हणजे अप्पर वर्धा धरणाचे, हे अमरावतीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच पाण्यावर मासेमारी करून कितीतरी घरे चालतात, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. नवी होडी पाण्यात उतरवायची म्हटले की आपल्याला कोकणातली हर्णे, मिरकरवाडा ही बंदरे आणि नारळी पौर्णिमा आठवते. वऱ्हाडातही नव्या नावा पाण्यात जातात. त्यांना ना भरती-ओहोटी सांभाळावी लागते, ना खाडीचे तोंड. पण धरणाच्या पाण्याची स्वतःची खोड असते, आणि नवी नाव नेमकी पहिल्याच दिवशी तिच्या तावडीत सापडते. म्हणून पहिली फेरी मासे धरायला काढायची नसते. ती नाव ओळखायला काढायची असते.

त्याआधी हक्काचा प्रश्न. धरणातला मासा कुणीही जाऊन धरावा असा नसतो. ठरावीक वर्षांसाठी जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो आणि संस्थेच्या सभासदांनाच तिथे जाळे टाकता येते. यामागे कारण आहे. कटला, रोहू, मृगळ या मोठ्या जाती वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालणाऱ्या. धरणाच्या साचल्या पाण्यात त्यांची वीण भरवशाची नसते. दरवर्षी मत्स्यबोटुकली विकत आणून सोडावी लागते. हे बीज हुकमी मिळू लागले ते हिरालाल चौधरी यांच्यामुळे. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. तेव्हा जाळ्यात येणारा कटला बहुधा संस्थेच्या पैशाने पाण्यात गेलेला असतो. सभासदत्वाचा कागद हातात नसेल तर नाव घेऊच नये.

आता नाव. वऱ्हाडातल्या तलावांवर आजही बरेच जण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. पाय पाण्यात, हातात छोटे वल्हे, अशी ती मासेमारी. तिथून डोंग्यावर येणे ही मोठी बढती. डोंगा लाकडी असतो, पत्र्याचा असतो किंवा हल्ली फायबरचा. तिघांची पहिल्या दिवशीची तपासणी वेगवेगळी.

लाकडी डोंगा नवा असताना गळतोच. फळ्या उन्हात वाळलेल्या असतात, सांध्यात कापूस आणि डांबर भरलेले असले तरी बारीक फटी राहतात. यावर उपाय घाई न करण्याचा. नाव काठाशी उथळ पाण्यात दगड भरून एक-दोन दिवस बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप आवळले जातात. बाहेर काढून कोरडी केल्यावरही जिथून पाणी झिरपते तिथेच खरे काम बाकी आहे असे समजायचे. पत्र्याच्या नावेला फुगणे माहीत नाही. तिच्या जोडांवर आतून पाणी ओतून बाहेरून कुठे ओल येते ते पाहावे लागते.

फायबरची नाव गळत नाही, हलकी असते, सडत नाही. म्हणून लोक तिच्यावर आंधळा भरवसा ठेवतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सावधपणा तिथेच हवा. सागवान पाण्यापेक्षा हलके. लाकडी नावेत काठोकाठ पाणी भरले तरी ती लाकूड म्हणून तरंगत राहते, धरायला काहीतरी उरते. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड. ते तरंगते ते केवळ आकारामुळे, आत हवा असते म्हणून. आत पाणी भरले की ते सरळ तळाला जाते. चांगला कारागीर म्हणूनच दोन्ही टोकांना बंद कप्पे ठेवतो आणि त्यांत फोम भरतो. ते खरेच भरले आहे का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून नाव ताब्यात घेताना पहिले काम असे: गुडघाभर पाण्यात न्यायची आणि बादल्यांनी तिच्यात पाणी भरायचे, काठापर्यंत. वरची कड पाण्याबाहेर राहिली आणि हाताने दाबल्यावर परत वर आली, तर नाव घ्यायची. तळाला टेकली तर विकणाऱ्याकडे परत. यात लाजण्यासारखे काही नाही. आणि नारळ फोडायचाच, हळदकुंकू लावायचेच. पण नारळ काठावरच्या दगडावर फोडावा. फायबरच्या नाकाडावर आपटला तर वरच्या थराला तडा जातो आणि पूजेच्या दिवशीच डागडुजी निघते.

मग वजन. १५ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट तळाचा डोंगा घ्या. दोन्ही टोके निमुळती धरली तर पाण्याला टेकणारा भाग सुमारे साडेचार चौरस मीटर. त्या भागाने एक सेंटिमीटर खाली जायला पंचेचाळीस लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजे दर पंचेचाळीस किलोला नाव एक सेंटिमीटर बसते. दोन माणसे, ओले जाळे, वल्ही आणि पन्नास किलो मासे मिळून सव्वादोनशे किलो झाले तरी नाव जेमतेम पाच सेंटिमीटर खाली जाईल. हा हिशेब पाहून वाटते, अजून चार जण सहज बसतील. बसतातही. पण नाव खाली गेल्यामुळे उलटत नाही, कलल्यामुळे उलटते. सपाट तळाची नाव सुरुवातीला फार स्थिर वाटते, उभे राहिले तरी डगमगत नाही; मात्र एक कड पाण्याला टेकली की तिचा सगळा जोर एकदम संपतो. मधली सूचना ती देत नाही.

त्यात तळाशी साचलेले पाणी. एक सेंटिमीटर म्हणजे काय, असे म्हणून दुर्लक्ष होते. पण तेवढे पाणीही चाळीसेक किलोचे असते, आणि नाव ज्या बाजूला कलली त्याच बाजूला ते धावते. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चार पावले चाललेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. माणूस एका जागी बसतो, पाणी बसत नाही. म्हणून पाणी उपसायचा डबा नावेला दोरीने बांधलेला हवा.

काठावर हे सगळे करून पाहता येते. कमरेएवढ्या पाण्यात नाव धरून आत वाळूची पोती ठेवत जायचे: आधी दोन माणसांएवढी, मग मासे आणि जाळे यांची. पाण्याची रेषा जिथे येते तिथे बाहेरून रंगाने पट्टा ओढायचा. त्या पट्ट्यापासून वरच्या कडेपर्यंत निदान वीतभर उंची उरलीच पाहिजे. पुढे कधीही पट्टा पाण्याखाली गेला की कुणीतरी उतरायचे, पाहुणा असला तरी.

बसण्याची शिस्तही तिथेच लागते. नव्या पोराला हौस असते उभे राहून वल्हे मारण्याची. काठावरून म्हातारा ओरडतो, "उभा नको राहू गा! मधात बस, बुड टेकव!" त्यातच सारे शास्त्र आले. पाय मधोमध, वजन खाली, एका वेळी एकानेच हलायचे.

प्रत्यक्ष फेरीला मुहूर्त पंचांगापेक्षा वाऱ्याचा बघावा. पावसाळ्यात नको, दरवाजे कधी उघडतील आणि ओढ कुठे लागेल सांगता येत नाही, शिवाय तो माशांच्या विणीचा काळ. अप्पर वर्धाला १३ दरवाजे आहेत. ते बंद असतानाही सांडव्याच्या बाजूला नाव नेऊ नये. दिवाळीनंतर पाणी थांबलेले असते आणि पहाटे वारा पडलेला असतो. उजाडताच निघावे, ऊन चढून वारा सुटायच्या आत परतावे. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळ आणि वळीव कसा अचानक येतो ते शेतकऱ्याला सांगायला नको, पण उघड्या जलाशयावर त्याला अडवायला धुराही नसतो. वारा जितका लांब पाण्यावरून येतो तितकी लाट वाढते, आणि उथळ पाण्यातली लाट आखूड, उभी आणि त्रासदायक असते. ती आडवी घ्यायची नाही. नावेचे तोंड तिच्याकडे, जरा तिरपे ठेवायचे.

पहिल्या फेरीचा रस्ता ठरवायची एकच रीत मला पटते: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचे. तेव्हा हात ताजे असतात. थकलात, वल्हे मोडले, काहीही झाले तरी वारा तुम्हाला आपल्याच काठाकडे आणून सोडतो. उलट केले तर जाताना नाव फार छान पळते आणि परतताना दोघांचा घाम निघतो. फायबरची हलकी नाव तर वाऱ्याने पाण्यावरून घसरत जाते. तळाला मधोमध लांब पट्टी बसवलेली असेल तर ती सरळ चालते. नसेल तर हा दोष पहिल्याच फेरीत कळतो.

आणि बुडालेली झाडे. १९९३ मध्ये धरण पूर्ण झाले. ज्या जमिनीवर पाणी आले तिथे शेते होती, झाडे होती, विहिरींचे कठडे होते. पूर्ण संचय पातळी ३४२.५० मीटर. पाणी तेवढे असते तेव्हा खुंट खोल असतात आणि नाव वरून निघून जाते. पातळी उतरत गेली की तेच खुंट वीतभर पाण्याखाली येतात, गढूळ पाण्यात दिसत नाहीत, आणि सपाट तळ त्यावर चढून बसतो. जाणते लोक उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेले असताना, काठाने पायी फिरतात. कुठले बाभळीचे खोड कुठल्या टेकडीच्या रेषेत आहे, ते तेव्हाच मनात पक्के होते. ज्याने मे महिना पाहिलेला नाही त्याने पहिल्या फेरीला तो पाहिलेला माणूस सोबत घ्यावा.

या सगळ्यात जाळे कुठे आहे? घरी. जाळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला, तेही आखूड. संध्याकाळी उभे लावायचे, पहाटे ओढायचे. मासा कल्ल्याशी अडकलेला असतो. ओढताना माणूस साहजिकच कडेवर वाकतो, जाळ्याचे आणि माशांचे वजनही त्याच कडेवर येते. म्हणून जाळे बाजूने न ओढता नावेच्या टोकावरून ओढावे आणि दुसऱ्याने मधोमध बसून राहावे. जाळे खुंटात अडकले तर हिसका मारू नये. वरून जाऊन सोडवून पाहावे, नाही सुटले तर चाकूने कापावे. जाळे बाजारात मिळते.

लाइफ जॅकेट अंगात हवे, नावेत नव्हे. ते घेणे जमत नसेल तोवर घट्ट बुचाचा रिकामा १० लिटरचा डबा प्रत्येकाच्या हाताशी बांधून ठेवा. पाण्यात तो साधारण १० किलो उचलून धरतो आणि माणसाचे डोके वर ठेवायला तेवढे पुरते. संस्थेमार्फत प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात नाव नोंदले आहे ना, तेही विचारून घ्या. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते.

शेवटी अमरावतीहून सुट्टीच्या दिवशी धरणावर जाणाऱ्यांसाठी. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीवर, वरूड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटून ११ जण बुडाले. मासेमारीचा डोंगा दोन माणसे आणि एक जाळे यांच्या मापाने बांधलेला असतो. भोयाला "दादा, एक चक्कर मारून आणा ना" म्हणून गळ घालू नका, आणि त्याने नाही म्हटले तर वाईट वाटून घेऊ नका.