हवाई वाटेवर : भाग ९ – ओरडण्याचा तास

या आठवड्यात मुलाखतीच्या दिवसाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. कपडे, केस, कागदपत्रं, गटचर्चा, सगळी टिपणं काढून ठेवली आहेत. पण ते पुढच्या भागात. मधेच एक पत्र आलं आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीचं आहे. बारावी झाली आहे, वय आणि उंची नियमात बसते, गेल्या भागातल्या २१२ सेंटीमीटरपर्यंत टाचा उंचावून हातही पोचतो. ती लिहिते, "कॉलेजात एनसीसीत होते. परेडच्या कमांड मीच द्यायचे, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जायच्या. आता जिथे क्लास लावला आहे तिथल्या मॅडम म्हणतात, तुझा आवाज फार मोठा आहे, या नोकरीत शोभणार नाही, हळू बोलायची सवय कर. ताई, खरंच आवाज बारीक करावा लागेल का?"

अगं, तो आवाज जप. विमानात तुझी जागा नियमाने राखून ठेवलेली आहे ती ज्या कामासाठी, त्या कामाची सुरुवातच आवाजापासून होते.

आपल्याकडचा नियम दर ५० आसनांमागे किमान एक कॅबिन क्रू असा आहे. १८६ आसनांच्या एअरबस ए३२० मध्ये म्हणून चार जण लागतात. सँडविच आणि चहा वाटायला किती हात पुरतील, यावरून हा आकडा ठरलेला नाही. चहा एकट्यानेही वाटता येईल, वेळ लागेल इतकंच. विमान रिकामं करायला मात्र दाराशी माणूस लागतो, आणि तिथे वेळच नसतो. अमेरिकेने १९६५ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं, भरलेलं विमान १२० सेकंदांत रिकामं करून दाखवा. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, ही मुदत ९० सेकंदांवर आली आणि आजही तीच आहे. निम्मी दारं बंद, उजेड आपत्कालीन दिव्यांचा, वाटेत उश्या-पिशव्या टाकलेल्या, अशा अवस्थेत ही चाचणी होते. ए३८० या दुमजली विमानाची चाचणी मार्च २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला झाली. काळोख केलेल्या हँगरमध्ये १६ पैकी ८ दारांमधून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. एकाचा पाय मोडला, काहींना खरचटलं, पण विमान पास झालं.

मात्र त्या ८७३ जणांना आपण चाचणीसाठी आलो आहोत हे माहीत होतं. बेल्ट सोडून पळायचं आहे, या तयारीनेच ते बसले होते. खरा प्रवासी तसा बसत नाही.

मँचेस्टरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २२ ऑगस्ट १९८५ रोजी ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७ ग्रीसमधल्या कोर्फू बेटाकडे निघालं होतं. धावपट्टीवर वेग घेत असतानाच डावं इंजिन फुटलं, इंधनाची टाकी भेदली गेली आणि आग लागली. विमानाने जमीन सोडलीच नव्हती. वैमानिकाने ते थांबवलं, बंबही तातडीने पोचले. तरीही १३७ पैकी ५५ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक धुराने. पुढचं उजवं दार पहिल्या प्रयत्नात अडकलं. पुढच्या भागात दोन पार्टिशनमधली वाट इतकी चिंचोळी होती की माणसं एकमेकांत अडकून पडली. मागच्या बाजूला काम करणाऱ्या दोघी क्रू त्या आगीत गेल्या. पुढच्या दोघांनी धुरात हात घालून, हाताला लागेल त्या माणसाला ओढून बाहेर काढलं. आज विमानात जमिनीलगत उजळणारी दिव्यांची रांग, लवकर पेट न घेणारी आसनांची आच्छादनं, पंखावरच्या खिडकीशी सोडलेली जास्तीची जागा, या सगळ्यांच्या मागे मँचेस्टर आहे.

या अपघातानंतर इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथे हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जे प्रयोग केले, ते माझ्या फार आवडीचे आहेत. एक जुनं ट्रायडंट विमान मैदानात उभं करून त्यांनी त्यात साधी माणसं बसवली आणि सांगितलं, बाहेर पडणाऱ्यांपैकी पहिल्या निम्म्यांना पाच पौंड जास्त मिळतील. जीवावरची भीती प्रयोगात आणता येत नाही, म्हणून त्यांनी स्पर्धा आणली. पाच पौंडांसाठी लोक आसनांवरून उड्या मारू लागले, दारात एकमेकांत अडकले. दारापाशी किती रुंद वाट हवी, याची मापं या प्रयोगांतून हाती आली.

पुढे १९९० च्या दशकात त्याच बाईंनी क्रूच्या वागण्यावर प्रयोग केले. एका फेरीत दाराशी ठाम क्रू, जो जोरात हाक देतो, हाताने खेचतो, ढकलतो. दुसऱ्या फेरीत सौम्य क्रू, जो दाराशी आहे पण फारसं बोलत नाही. आणखी एका फेरीत क्रूच नाही. ठाम क्रू असताना लोक स्पष्टपणे लवकर बाहेर पडले. सौम्य क्रू असून-नसून जवळपास सारखाच ठरला. माझ्या मते या नोकरीवर आजवर झालेलं हे सगळ्यात मोलाचं संशोधन आहे, आणि ते एकाही क्लासच्या माहितीपत्रकात मला दिसलेलं नाही.

असं का होतं, ते समजून घे. आणीबाणीत लोक सैरावैरा धावतात, चेंगराचेंगरी करतात, असं आपण सिनेमांमुळे समजतो. तसंही होतं, पण कितीतरी माणसं याच्या उलट वागतात. ती बसून राहतात. बेल्ट लावलेला, हात मांडीवर, नजर समोरच्या आसनावर. डोक्याला घडलेलं पटतच नाही. कोणीतरी सांगेल म्हणून ती वाट पाहतात. अशा माणसाला जागेवरून उठवायचं, तर मोठा, नेमका, पुन्हा पुन्हा येणारा आवाज कानावर पडायला हवा.

म्हणून निवड झाल्यावरच्या प्रशिक्षणात एसईपी, म्हणजे सुरक्षितता आणि आणीबाणीच्या पद्धती, शिकवतात तेव्हा विमानाच्या मॉक-अपमध्ये ओरडण्याचा तास असतो. मी तो तास वर्षानुवर्षं घेत आले. दिवे बंद, खोटा धूर, आणि जंपसीटवरून, म्हणजे क्रूच्या घडीच्या आसनावरून, उठून नव्या मुलीने दाराशी जायचं. पहिल्या दिवशी बहुतेकींच्या तोंडून निघतं, "सर, प्लीज इकडून या ना." घरात, शाळेत, कॉलेजात मुलींना हळू बोलायलाच शिकवलेलं असतं, ते एका सकाळीत कसं सुटणार? मुलांची अडचण वेगळी. आपल्याला सरावाची गरज नाही असं त्यांना वाटतं, ती नुसत्या घशातून ओरडतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा आवाज बसतो.

कमांडचे शब्द प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात, पण घडण एकच. आदळण्याआधी "ब्रेस! ब्रेस!" किंवा "हेड्स डाउन, स्टे डाउन!" थांबल्यावर "अनफास्टन सीट बेल्ट्स! लीव्ह एव्हरीथिंग! कम धिस वे!" दाराशी "जंप! स्लाइड!" दोन-तीन शब्द, त्यात विनंती नाही आणि कारणही नाही. काय करू नका यापेक्षा काय करा हे सांगायचं, कारण घाबरलेल्या डोक्याला नकार उलगडायला वेळ लागतो. शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत हाक थांबवायची नाही. आवाज बंद झाला की मागच्या रांगेतल्याला वाटतं, दारच बंद झालं. आणि आवाज वर चढू द्यायचा नाही. ओरडता ओरडता पट्टी वर गेली की ऐकणाऱ्याला हाक न ऐकू येता किंकाळी ऐकू येते. श्वास पोटातून घ्यायचा, पट्टी खालची ठेवायची, शेवटचा शब्द तोडायचा. एनसीसीत "सावऽऽधान" म्हणताना तू नेमकं हेच करत होतीस: शब्द ताणून सगळ्यांना तयार करायचं आणि शेवट असा तोडायचा की सगळ्या टाचा एकदम जुळाव्यात.

बरोबरीने अंगाचंही काम असतं. क्रूने एका हाताने दाराजवळची मूठ घट्ट पकडून कडेला सरकून उभं राहायचं, नाहीतर लोंढा तिलाच पहिली स्लाइडवर नेतो. दुसरा हात मोकळा. उंबऱ्याशी येऊन कोणी थबकलं, खाली वाकून बघू लागलं, तर त्या हाताने ढकलायचं. हो, ढकलायचं. आजी असो की साहेब असो. एका माणसाने उंबऱ्यावर घेतलेले दोन सेकंद मागच्या पन्नास जणांच्या वाट्याचे असतात.

तीन ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ दुबईच्या धावपट्टीवर आपटलं. आत ३०० माणसं, त्यांतले बहुतेक प्रवासी भारतीय. फोनवर घेतलेली एक चित्रफीत नंतर सगळीकडे फिरली. लोक उठून वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत आहेत, आणि त्या कोलाहलात क्रूचा आवाज पुन्हा पुन्हा येतो: बॅगा सोडा, उड्या मारा. ती चित्रफीत मी नव्या बॅचला आधी आवाज बंद करून दाखवायचे आणि मग आवाजासह. दुसऱ्या वेळी कोणी काही विचारायचं नाही. सगळे ३०० जण बाहेर पडले. विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी इंधनाची टाकी फुटली आणि आग विझवायला आलेला एक जवान त्यात गेला.

आणि २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरता उतरता धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या लहान विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती आणि घोषणांची यंत्रणा बंद पडली होती. क्रूजवळ उरलं काय, तर मेगाफोन आणि स्वतःचे गळे. आठ दारांपैकी तीनच वापरता आली. मागच्या डाव्या दाराशी असलेल्या क्रूला कॉकपिटशी बोलताच येत नव्हतं. बाहेर बघून, अंदाज घेऊन ते दार तिथल्या क्रूने स्वतःच्या निर्णयावर उघडलं. ३७९ च्या ३७९ माणसं उतरली, बॅगा आत सोडून. नंतर विमान जळून गेलं.

हानेदाबद्दल बोलताना सगळे त्या तीन दारांचं कौतुक करतात. मला उरलेल्या पाच दारांबद्दलही बोलावंसं वाटतं. दार उघडणं शिकवायला सोपं आहे. ए३२० चं दार आर्म केलेलं, म्हणजे उघडताच स्लाइड फुगेल असं ठेवलेलं, असेल तर लीव्हर वर उचलायचा, दार आपोआप ढकललं जातं आणि स्लाइड काही सेकंदांत फुगते. पण खिडकीतून बाहेर ज्वाळा दिसत असताना दार न उघडणं, दाराकडे धावत येणाऱ्या माणसांसमोर हात पसरून उभं राहणं आणि त्यांना दुसऱ्या दाराकडे वळवणं, हे फार कठीण आहे. ज्यांचा जीव दाराकडे ओढ घेतो आहे, त्यांना पाठ फिरवायला लावायचं. त्या क्षणी गणवेशाचा धाक चालत नाही, गोड बोलणंही चालत नाही. मॉक-अपमध्ये या "ब्लॉक्ड एक्झिट"च्या सरावाला मी सगळ्यांत जास्त वेळ द्यायचे.

हे शब्द वेळेला तोंडातून यावेत म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी क्रू एक मूक उजळणी करते. पुढच्या वेळी प्रवास करशील तेव्हा तिच्याकडे बघ. जंपसीटवर पाठ टेकून, पट्टे आवळून, काही कंपन्यांत हात मांड्यांखाली ठेवून ती गप्प बसलेली असते. ती दमलेली नसते. माझं दार कोणतं, लीव्हर कुठे वळतो, बाहेर काय बघायचं, मदतीला घेता येईल असा धडधाकट प्रवासी जवळ कोण आहे, पहिली हाक कोणती, हे सगळं तीस सेकंदांत ती मनातल्या मनात म्हणून घेते. दिवसात चार उड्डाणं असली तर आठ वेळा.

आता तुझ्या क्लासच्या मॅडमबद्दल. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. मुलाखतीत तुला घोषणेचा कागद वाचायला देतील आणि तिथे आवाज स्पष्ट, मऊ आणि सावकाश हवा. रात्रीच्या उड्डाणात झोपलेल्या मुलाच्या आईशी बोलताना तर त्याहून हळू. तेव्हा हळू आवाजही शीक, पण तो जास्तीचा म्हणून शीक. मोठा आवाज मोडून नको. दोन्ही आवाज एकाच गळ्यातून निघायला हवेत. रोज मराठी वर्तमानपत्राचा एक स्तंभ हळू आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि ऐक: शब्दांचे शेवट गिळले जातात का, वाक्य संपताना आवाज बुडतो का. आणि आठवड्यातून दोनदा नदीकाठी किंवा मैदानावर जाऊन कमांड दे. इंग्रजीची धास्ती तुझ्या पत्रात ओळींच्या मागे दिसते; मुलाखतीपुरतं इंग्रजी लागतंच, त्यावर स्वतंत्र भाग येणार आहे. पण कमांडचं इंग्रजी डझनभर वाक्यांचं आहे आणि ते आठवड्यात पाठ होतं.

एक गोष्ट पालकांसाठीही. निवड झालेल्यांना विमान कंपनी स्वतःच प्रशिक्षण देते. त्याआधी बाहेरचा महागडा कोर्स केलेला असावा अशी अट नसते. तरीही क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी विचारा, इथे मुलांना एकदा तरी मोकळ्या आवाजात कमांड द्यायला लावता का? मेकअप आणि चालणं शिकवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. या प्रश्नाचं उत्तर नीट देणाऱ्या मला फार थोड्या भेटल्या.

आणि घसा सांभाळ. उड्डाणात केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा १० ते २० टक्के. तहान लागायची वाट न बघता पाणी पिण्याची सवय आतापासून लाव. मुलाखत ठरली की मैदानावरचा सराव दोन दिवस आधी थांबव, म्हणजे घोषणा वाचताना आवाज बसलेला नसेल. कागदपत्रांचं पुढच्या भागात सविस्तर सांगते, पण पासपोर्टचा अर्ज अजून केला नसशील तर त्याची वाट बघू नकोस. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, याच आठवड्यात कर.